मे महिन्यात केलेली सही

"सर, तुम्ही भूगोल शिकवायचात ना?" असं अजूनही कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. हो, शिकवायचो. अंबरनाथच्या एका खासगी शाळेत, सातवीला. पृथ्वीचा आस कललेला आहे, म्हणून ऋतू होतात, म्हणून दिवस लहानमोठे होतात, हे मी पोरांकडून घोकून घ्यायचो. उत्तर चुकलं की पट्टी मारायचो. ती पट्टी खरं तर माझ्याच पाठीत बसायला हवी होती.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. आम्ही उल्हासनगरात कॅम्प चार नावाच्या वस्तीत बैठ्या घरात राहायचो. पुढे अंगण, अंगणाच्या दक्षिणेला रिकामा प्लॉट. वडील लवकर गेले. आई कॅम्प दोनच्या बाजारातल्या सिंधी व्यापाऱ्याकडून पीठ आणायची, पापड लाटायची, अंगणात वाळवून परत द्यायची. त्या पापडांवर माझं बी.एड. झालं. पावसाळ्यात काम थंडावायचं. दिवाळीपासून पुढे मात्र तिला दिवस पुरायचे नाहीत.

प्लॉट विकला गेला. पाच मजले उठणार होते आणि बिल्डरला आमची हरकत नसल्याचा कागद हवा होता. त्याचा माणूस मे महिन्यात, ऐन दुपारी आला. अंगणाच्या मधोमध उभा राहिला.

"मास्तर, बघा, सावली किधर है? पायाखाली. बिल्डिंगची सावलीपण बिल्डिंगच्याच पायाशी पडणार. अम्मा के पापड को कोई टेन्शन नहीं."

मी खाली पाहिलं. खरंच, त्याची सावली त्याच्या चपलांत मावली होती. आणि मला काय सुचावं? मी त्याला शिकवायला लागलो! आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, असं दोन बोटं नाचवत सांगितलं. उरलेल्या दिवशी तो कुठे असतो, हा प्रश्न मला पडला नाही. आई दारातून बघत होती. मी ऐटीत सही ठोकली.

पुढच्या दिवाळीला इमारत पुरी झाली. दिवाळी सरली तशी तिची सावली आमच्या अंगणात लांबत गेली. डिसेंबरात भर बारा वाजता ती ओसरीला येऊन टेकली. पापड मऊ पडायचे, दोन दिवसांत त्यांना बुरशी धरायची. व्यापाऱ्याने माल परत पाठवला, मग पीठ देणंच बंद केलं.

मी तणतणत बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तोच माणूस चहा पीत बसला होता.

"मी खोटं बोललो काय? मे महिन्यात सावली होती? नव्हती. अब सूरज सरक गया तो मेरा क्या कसूर? पोरांना तुम्हीच शिकवता ना?"

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मे महिन्यापुरता त्याचा एक शब्दही खोटा नव्हता. त्या हरामखोराने माझ्याच विषयात मला नापास केलं होतं.

घरी येऊन मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आई रिकामे डबे पुसून फळीवर ठेवत होती. तिने मला बोलू दिलं.

"कशाला शिव्या देतोस त्याला?" ती शेवटी म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. थंडीत ऊन त्या प्लॉटकडून तिरपं येतं, पार ओसरीत शिरतं. उन्हाळ्यात शिरतं का? इतकी वर्षं त्याच्या मागे मागे पापड सरकवतेय मी."

"मग बोलली का नाहीस?" मी तिच्यावरच ओरडलो.

"कशी बोलणार?" आई म्हणाली. "आपल्या घरात पहिल्यांदा कुणीतरी शिकलेलं माणूस बोलत होतं. परक्या माणसासमोर मी अंगठेवाली तुला खोटं पाडू?"