हलवलेल्या आसरा

शिवलीलाला पालीची भीती वाटते, विजेची वाटते, माझ्या ओरडण्याची तर फारच वाटते. वळसंगात माझं औषधांचं दुकान आहे, तिथं ती कामाला आहे. मी सोलापुरातून येऊन-जाऊन करतो, ती मूळची मंद्रूपची. पण रविवार आला की हीच भित्री बाई एकटी ओढ्यांच्या कडेकडेनं रानोमाळ हिंडते. मोबाईलवर एक नकाशा आहे, जगभरचे लोक मिळून तो काढतात. मोठ्या नद्या त्यात केव्हाच आल्या, आमचे ओढे कोण घालणार? शिवलीला घालते. लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस, असं मी चिडवायचो.

"काका, पाणी कुटनं जातंय ते लोकांस्नी कळाया नको व्हय?" ती म्हणायची.

स्वतः चालून पाहिल्याशिवाय रेघ ओढायची नाही, हा तिचा नियम. वळसंगाबाहेरचा कोरडा ओढा मात्र मध्येच हरवला. रस्त्याखालच्या मोरीपर्यंत तो स्पष्ट होता, पुढं प्लॉट पाडणाऱ्यानं मुरूम टाकून सगळं सपाट केलेलं. ती भांबावून उभी राहिली. मग बाजूला लांब एका लिंबाखाली तिला शेंदूर फासलेले सात दगड दिसले. साती आसरा. पाण्याच्या या देवता पाण्याकाठीच बसतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिनं हात जोडले आणि मोरीपासून लिंबापर्यंत निळी रेघ ओढली. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पुढं तिच्या धाकट्या भावानं, महेश्वरनं, मोरीपुढच्या त्याच सपाट जागेत प्लॉट घेतला. घेण्याआधी अक्काचा नकाशा उघडून पाहिला. त्यात ओढा लांब होता. घर झालं, वास्तुशांत झाली, यंदा महेश्वर आणि त्याची बायको उत्कर्षा यांच्याकडं पाळणाही हलला.

सप्टेंबरातली दुपार होती. गावात ऊन, पण उत्तरेला आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं. म्हातारी गंगम्मा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली आणि तिकडं बघत म्हणाली, "आसरांस्नी लिंबाखाली नेलं ते ब्येस झालं. न्हायतर आज बुडाल्या असत्या."

शिवलीलाच्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली. "नेलं? आधी कुटं हुत्या?"

"तुझ्या भावाची न्हाणी हाय की, तितं. प्लॉटवाल्यानं नारळ फोडून, वटी भरून हलवल्या. लई वर्सं पानीच न्हाय ओढ्याला, म्हून कोन काय बोललं न्हाय."

शिवलीला पांढरीफटक पडली. तिनं फोन लावला. "महेश, उत्कर्षाला आन् बाळाला घिऊन भाईर पड. ओढा तुझ्या घराखाली हाय!"

पलीकडचं हसू मलाही ऐकू आलं. "अक्का, तू पालीलाबी भितीस. ओढा लिंबाकडं हाय की. तूच काढलाईस, नकाशात बघूनच घर बांदलं मी. बाळ आत्ता झोपलंय, हितं ऊन पडलंय." त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना.

मी मोटारसायकल काढायला धावलो. वळून बघतो तर ही काउंटरला टेकून मोबाईलवर बोट फिरवतेय. मी खेकसलो, "अगं, ही काय नकाशे काढायची वेळ आहे?"

तिनं मान वर केली नाही. घाईत रेघ दोनदा चुकली. जुनी रेघ तिनं पुसली आणि मोरीपासून नवी ओढली, थेट भावाच्या छपरावरून. ती त्याला पाठवली.

"माझं न्हाय ऐकायचा त्यो," ती म्हणाली. "नकाशाचं ऐकंल."

वाटेत ती मागून माझा शर्ट गच्च धरून सिद्धरामेश्वराचा धावा करत होती. मोरीच्या अलीकडंच पाण्याचा आवाज आला. उगाच शूरपणा कशाला सांगू, मी गाडी तिथंच सोडली. बाभळीची झाडं मुळासकट घेऊन लालभडक पाणी रस्त्यावरून चाललं होतं. पलीकडं महेश्वरचं घर पाण्याच्या मधोमध उभं होतं, दार सताड उघडं. शिवलीला भावाच्या नावानं ओरडत राहिली.

मग पलीकडच्या चढावर तो दिसला. बाळ छातीशी, उत्कर्षा मागं, एका हातात अजून मोबाईल. त्यांच्या डोळ्यांदेखत न्हाणीची भिंत पाण्यात बसली.

पाणी ओसरल्यावर महेश्वरनं लिंबाखालचे सातही दगड स्वतः उचलून आणले आणि पडक्या न्हाणीत मांडले. बहिणीवर तो रागावला नाही. "अक्का, बगून घे," एवढंच म्हणाला, "हितंच हुत्या न्हवं?"

शिवलीला अजून ओढे काढते. मी आता चिडवत नाही. शेंदराचे दगड दिसले की ती आधी एखादी म्हातारी शोधते आणि विचारते, "ह्या पयल्यापास्नं हितंच हायत का?" सांगणारं कुणी भेटलं नाही तर रेघ अर्ध्यावर सोडून येते, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मला सारखी विचारत राहते, "काका, तितं कुनी घर तर बांदलं नसंल?"