रस्त्यापलीकडचा कॅमेरा

आमच्या घरी आले की अंधारकाका चपला काढायच्या आधी ट्यूबलाइट बंद करायचे. मग खिडकीचं एक दार ओढून घ्यायचे, दुसरं उघडं ठेवायचे आणि आईला म्हणायचे, "आता बघा वहिनी, तुमचं घर केवढं मोठं झालं." अंबरपेठेतलं आमचं घर दोन खोल्यांचं. पण खरंच, कोपरे काळोखात गेले की भिंत कुठे संपते ते कळायचं नाही, आणि खिडकीतून येणाऱ्या तेवढ्याशा उजेडात पाण्याचा माठसुद्धा कुणीतरी मुद्दाम मांडून ठेवल्यासारखा दिसायचा. आई हसायची आणि तांदूळ निवडायचे आहेत म्हणून परत बटण दाबायची.

त्यांचं खरं नाव प्रभाकर. ते माझ्या वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. घराणं मूळचं परभणीकडचं, पण निजामाच्या काळापासून हैदराबादेत मुरलेलं. त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच दखनी 'हौ' आणि 'नक्को' यायचं, आणि रिक्षावाल्याशी तेलुगूतून गप्पा चालायच्या. सरकारी खात्यांसाठी ते माहितीपट काढत. खतं, लसीकरण, पाणी असले विषय. बघणारे बहुतेक अधिकारीच, आणि तेही घड्याळाकडे डोळा ठेवून.

त्यातला एक मी लहानपणी बघितला होता. विषय दुष्काळाचा. काकांनी भेगाळलेली जमीन दाखवली नाही की हाडं वर आलेली गुरं दाखवली नाहीत. एक बाई विहिरीवर येते, पोहरा सोडते, आणि कॅमेरा फक्त तिच्या हातातून सुटत जाणाऱ्या दोराकडे बघत राहतो. दोर जातोय, जातोय, जातच राहतोय. निवेदन नाही, संगीत नाही. पुढचं काही दिसायच्या आत पोहरा दगडावर आपटल्याचा आवाज येतो. माझ्या शेजारी बसलेल्या साहेबांनी दिवे लागताच शिपायाला हाक मारून पाणी मागवलं. मला तेव्हा काकांची थोडी भीतीच वाटली. नुसता एक दोर दाखवून हा माणूस एवढ्या मोठ्या साहेबाच्या घशाला कोरड पाडू शकतो!

चांगला सिनेमा ते दोनदा बघत. पहिल्यांदा सगळ्यांसारखा. दुसऱ्यांदा पुढच्या रांगेतलं तिकीट काढून, पडद्याकडे पाठ करून. लोक कुठे श्वास धरतात, कुठे खुर्च्या करकरतात ते बघायला. डोअरकीपरने एकदा त्यांना हटकलं, तर म्हणाले, "पिक्चर इधरच चल रही मियाँ." मला मात्र ते नीट समजावून सांगत. "आधी कुठे उभं राहायचं ते ठरव. काय दाखवायचं ते मग. उभं राहायची जागा चुकली की पुढचं सगळं चुकतं."

मी दहावीत असताना वडील गेले. नांदेडजवळ एका कामावर होते, तिथे जीप उलटली. दवाखान्यात आहेत एवढाच निरोप आला होता. आमच्याकडे फोन नव्हता. काका आईला नांदेडच्या बसला बसवून द्यायला निघाले, आणि वाटेत सुलतान बाजारात आईने हट्टाने एसटीडी बूथवर थांबून दवाखान्यात फोन लावला. तिथेच तिला कळलं. मी शेजाऱ्यांकडे होते. त्या दुपारबद्दल याहून जास्त आई पुढे कधी बोलली नाही, काकाही नाहीत.

नंतर काही वर्षांनी सगळंच झपाट्याने बदललं. गच्च्यांवरून केबलच्या तारा धावू लागल्या, नवनव्या वाहिन्या घरात आल्या आणि त्यांना रोज काहीतरी दाखवायला हवं होतं. अशाच एका नव्या वाहिनीसाठी एका निर्मात्याने काकांना मालिका दिली. नवरा आखातात कमवायला गेलेला आणि इथे बायको वाट बघतेय अशी गोष्ट. जुन्या शहरात तेव्हा घरोघर चालू असलेली. काकांना आयुष्यात पहिल्यांदा माहितीपटाबाहेरचं काही करायला मिळत होतं. मी पदवी संपवून बसले होते. त्यांनी मला सहायक म्हणून घेतलं. बायकोच्या भूमिकेत नसीम होती, नाटकांतून काम करणारी, फार कमी बोलणारी.

नवरा वारल्याची बातमी बायकोला कळते तो प्रसंग आला. लेखकाने तिला घरात, शेजारणींच्या घोळक्यात बातमी दिली होती. काकांनी ते बदललं. ती बूथवर जाऊन फोन करते, म्हणाले. बूथ सुलतान बाजारातलाच निवडला आणि कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे, कापडाच्या दुकानाच्या पायरीवर लावला. नसीमला काचेच्या आत पाठवलं. आतला आवाज घ्यायचाच नाही, फक्त रस्त्याचा घ्यायचा, असं ध्वनिमुद्रकाला सांगितलं. मला वाटलं, ही तयारी असेल, खरं चित्रण नंतर जवळून होईल.

तेच खरं चित्रण होतं. रस्त्यावरून रिक्षा जातायत, बांगड्यांची गाडी जातेय, दोन बायका साडीच्या रंगावरून वाद घालतायत. पलीकडे काचेत नसीमची पाठ. ती रिसीव्हर कानाला लावते. तेवढ्यात एक बस येऊन मध्ये थांबते आणि सगळा बूथ झाकला जातो. माणसं उतरतात, चढतात. बस निघते तेव्हा रिसीव्हर जागेवर ठेवलेला असतो, आणि नसीम तशीच पाठमोरी उभी असते. बस्स. ज्या क्षणी तिचं जग बुडालं, तो क्षण बसने खाऊन टाकला होता.

निर्मात्याला दाखवायच्या आधी काका कॅसेट घेऊन आमच्या घरी आले. भाड्याचा व्हीसीआर लावला. आईला म्हणाले, "वहिनी, हे तुमचं आहे. नको म्हणालात तर पुसून टाकतो." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

आईने सगळं बघितलं. पडदा निळा झाला तरी ती बघत राहिली. शेवटी म्हणाली, "एवढा आवाज होता बाहेर?"

"होता," काका म्हणाले.

"मला वाटत होतं, सगळं थांबलं होतं." मग तिने विचारलं, "माझा चेहरा बघितला होता का तुम्ही तेव्हा?"

"नाही वहिनी. मी रस्त्यापलीकडे होतो. नंतरही लगेच आलो नाही."

आईने मान हलवली. "मग राहू दे हे, पुसू नका," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

निर्मात्याला ते पसंत पडलं नाही. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वाहिनीला उत्तर द्यायचं होतं. बाईचा चेहरा नाही, रडणं नाही, मग लोकांनी रडायचं काय बघून, असं त्याचं म्हणणं. काकांनी फक्त एक क्लोजअप घ्यावा, बाकी तसंच ठेवू, अशी तडजोडही त्याने सुचवली. काकांची इतक्या वर्षांची इच्छा त्या एका क्लोजअपवर अडली होती. मला वाटलं, घेतील. कुणीही घेतला असता.

काका शांतपणे म्हणाले, "उसको अकेली छोड़ दो साब."

मालिका त्यांच्या हातून गेली. दुसऱ्या दिग्दर्शकाने तो प्रसंग घरात, घोळक्यात, ढोल आणि विजांसकट घेतला. नसीमने काम सोडू नये म्हणून काका स्वतः तिच्या घरी जाऊन सांगून आले. प्रसंग दाखवला गेला तेव्हा ते आमच्याकडेच होते. शेजारच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. काकांनी शेवटपर्यंत बघितलं आणि नसीमने काम छान केलं म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. त्यांनी घेतलेल्या शॉटच्या टेपवर पुढे कुणीतरी दुसरं काही भरलं, आणि घरची कॅसेट बुरशीने गेली. तो शॉट आता कुठेच नाही.

काका पुन्हा खतं आणि लसीकरणाकडे वळले, निवृत्त झाले, आणि एका हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापाने गेले. सुलतान बाजारात आम्ही छोटी शोकसभा ठेवली होती. मी त्या शॉटबद्दल बोलले. मी आता संकलनाचं काम करते. चेहऱ्यावरून कट करायची वेळ आली की हात थोडा थांबतो, एवढं सांगितलं.

सभेनंतर नसीम माझ्याजवळ आली. केस पिकले होते. बूथमध्ये जाताना काकांनी तिला संवाद दिलाच नव्हता, म्हणाली. तुला ज्याला करावासा वाटतो त्याला फोन कर, आम्हाला ऐकू येणार नाही, एवढंच सांगितलं होतं.

"मैं सच्ची में लगा दी थी," ती म्हणाली. "जेद्दा. भाई को. पाँच साल से बात बंद थी हमारी. काका बाद में बिल भर दिए, पर एक बार बी नहीं पूछे, किससे बात करी, क्या बोली."

माझ्या ओठांवर प्रश्न आला होता. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी तिचा हात हातात घेऊन नुसती उभी राहिले.