परक्या घरी चाललं पाहिजे

काम संपलं की मॅडम आधी नेटची वायर उपटायच्या. मग पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे जायच्या. त्याच्यावर मुद्दाम काहीही ठेवलेलं नसे, आणि नेटवरूनही त्याला काही मिळायला नको. नवा प्रोग्राम तिथं चालला, तरच तो गिऱ्हाइकाला द्यायचा. "सर, इथं चालतंय त्याचं काय कवतिक? परक्या घरी चाललं पाहिजे!"

बीडमध्ये आमचं प्रोग्राम लिहून देणारं छोटं ऑफिस आहे, मॅडम तिथं प्रोग्राम लिहायच्या. प्रोग्राम म्हणजे एकटीदुकटी फाइल नसते. एक फाइल दुसऱ्या फायलींना बोलावते, त्या आणखी तिसऱ्यांना. आपल्या मशीनवर सगळ्या कुठे ना कुठे पडलेल्या असतात, म्हणून काही अडत नाही. दुसऱ्याला देताना एखादी मागे राहते आणि तिकडे सगळं ठप्प होतं. मग फोन येतात, ते तुम्हाला ऐकवण्यासारखे नसतात.

मॅडम चौसाळ्याकडच्या, मेंढपाळ घरातल्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, किती तपासाल?"

"आमचा तळ हालला की बाप सगळ्यात शेवटी निघायचा," त्या म्हणाल्या. "कळप म्होरं गेल्यावर रिकाम्या रानात एक चक्कर मारायचा. कोकरू झुडपात निजलं असलं तर वरडत बी न्हाई, सर."

वडवणीच्या आठवडी बाजारात भांडी विकणारे एक काका होते. त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. मुलगा आमच्याकडे आला. "बाबांचा आवाज ठिवता येईल का?" मॅडमनी काकांना समोर बसवून रोजचे शब्द त्यांच्याच तोंडून वदवून रेकॉर्ड करून घेतले. स्क्रीनवरचं बटण दाबलं की काकांच्या आवाजात 'पाणी दे', 'लाइट बंद कर', 'भाव एकच, घ्यायचं तर घ्या'. भर बाजारात ओरडणारा हा गडी एका जागी मात्र अडला. बायकोला हाक मारायची वेळ आली तेव्हा कानापर्यंत लाजला. "मशिनीला कशी मारू तशी हाक?" शेवटी मॅडमनी स्वतःचा मोबाइल हातात देऊन त्यांना एकट्यालाच जिन्यात पाठवलं.

ऑपरेशन झालं. आवाज गेला. प्रोग्राम पुरा झाला तो मॅडमचा आमच्याकडचा शेवटचा आठवडा होता. त्यांना हैदराबादला नोकरी लागली होती. त्यांचा लॅपटॉप पुसून नव्या माणसाला द्यायचा होता. लॅपटॉपवर सगळी बटणं खणखणीत बोलत होती. "देऊन टाकू," मी म्हणालो. मॅडमनी वायर उपटली.

कोपऱ्यात एकेक शब्द नीट वाजला. मग हाकेचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. तरी नाही.

मोबाइलवरची ती फाइल त्यांनी तेव्हा लॅपटॉपवर वेगळ्याच फोल्डरमध्ये उतरवली होती. तो फोल्डर पेनड्राइव्हवर आलाच नव्हता. मोबाइल तर मधल्या काळात बदललेला. म्हणजे ती हाक आता जगात फक्त त्या लॅपटॉपवर होती, आणि शनिवारी तो पुसला जाणार होता.

फाइल सापडली, झालं, असं मला वाटलं. मॅडम मात्र प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचायला बसल्या. ही ओळ कुठून काय आणते? आणलेली फाइल आणखी कुणाला बोलावते? "एक निजलेलं घावलं म्हंजी दुसरं असंल." दुपारी मराठी अक्षरांचा फॉन्ट राहिलेला निघाला; कोपऱ्यातल्या मशीनवर तो कुणीतरी कधी चुकून टाकलेला होता म्हणून तिथं कळलं नव्हतं, पण काकांकडे बटणांवर नुसते चौकोन दिसले असते. मी चहा हातात धरून बघत उभा राहिलो. दुसऱ्याच्या आवाजासाठी एवढा जीव लावून बसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. देवळात बोलणं आपोआप हळू होतं ना, तसं माझं झालं होतं.

मॅडम हैदराबादला गेल्या. पेनड्राइव्ह घेऊन वडवणीला मीच गेलो. मुलाच्या लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला. काकांनी बाकी सगळी बटणं सोडून आधी तेच दाबलं.

"अगं, ऐकलं का गं?"

"आले, आले," आतून आवाज आला. पिठाचे हात तसेच घेऊन काकू दारात आल्या आणि काकांच्या मिटलेल्या ओठांकडे बघत थबकल्या. हे बघायला मॅडम इथे हव्या होत्या, असं मला फार वाटलं. काकांनी पुन्हा बटण दाबलं.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "आले की हो," त्या म्हणाल्या, "किती हाका मारताल?"