वेगळ्या चुलीचं हळदीकुंकू

गेल्या वर्षी संक्रांतीनंतरच्या शनिवारी, भर दुपारी, अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपने माझ्या मावशीवर अन्याय केला. हॉलभर पुरतील एवढे तिळाचे लाडू तिने वळले, आणि हळदीकुंकू सुरू होताच तिला किचनमध्ये बसवलं. कारण एकच: तिचे यजमान, आमचे काका, वारले होते. 'विधवा' हा शब्द कोणी काढला नाही. "त्यांना ऑकवर्ड नको व्हायला," एवढंच ग्रुपच्या मुख्य काकू म्हणाल्या.

मी निषेधाचं पत्रक लिहायला बसले. मथळ्यासाठी इंटरनेटवर एक चार अक्षरी चिनी वाक्प्रचार शोधला होता: जुनं मोडून नवं उभारणं. शेजारच्या चिनी आजी मावशीबरोबर रोज मॉलमध्ये चालायला जातात, त्यांना दाखवला. त्यांनी कागद पालथा घातला.

"मी लहान असताना, सांस्कृतिक क्रांतीत, पोरं हेच रस्त्यावर ओरडायची," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "मग घरात शिरून माझ्या आजोबांची पुस्तकं जाळली."

पाठकोऱ्या बाजूला त्यांनी दुसरी चार अक्षरं काढली. शब्दशः अर्थ, वेगळी चूल मांडणं. म्हणजे पहिल्यापासून, आपल्या पद्धतीने सुरुवात करणं.

मला हसूच आलं. आमच्याकडे हा टोमणा असतो, आणि यंदा काकूंनी तो फोनवर मारलाच. "वेगळी चूल मांडताय म्हणे?"

"हो काकू, बेसमेंटमध्ये. तुम्हीपण या."

यंदाचं हळदीकुंकू आमच्याकडे झालं, येईल त्या प्रत्येक बाईसाठी. मावशी मात्र जिन्यातच अडली. "मी लाडू देते गं. कुंकू नको."

मी पत्रकातलं सगळं ऐकवायला लागले.

"गप गं. मीटिंग आहे का ही?"

तेवढ्यात चिनी आजी कोयरी घेऊन पुढे आल्या. समोर बाई आली की लावायचं, एवढंच कोणीतरी त्यांना शिकवलं होतं. त्यांनी मावशीला हळद लावली, कुंकू लावलं, तेही वाकडं, पार भुवईवर. मावशीचा हात कपाळाकडे गेला. पुसणार, असं मला वाटलं. तिने ते फक्त सरळ केलं, आजींच्या हातातून कोयरी घेतली आणि त्यांना लावलं.

"असं. मधोमध," म्हणाली, मराठीतच.

काकू काही आल्या नाहीत. लाडू संपले. मावशी रात्रीपर्यंत तशीच, कपाळावर कुंकू घेऊन घरभर फिरत होती.

आता तुम्ही. तुमच्या हळदीकुंकवाला कोणाला बोलावत नाहीत, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तिला आज फोन करा. आणि आली की किचनमध्ये पाठवू नका, सगळ्यांत आधी तिला कुंकू लावा.