शोभेचा माड

नव्या इमारतीत राहायला आल्यापासून माझे वडील खाली उतरले नव्हते. मुलुंडची आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर झाला, लिफ्ट आली, लॉबी आली, लॉबीत कुणीही बसत नाही असे सोफे आले. वडील मात्र बाल्कनीत खुर्ची टाकून बसले ते बसलेच. चालले नाहीत तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. मी रोज विनवायचे, आणि ते विचारायचे, "खाली काय आसा?"

खाली पार्किंग होतं.

म्हणून मी बाग समितीत शिरले. वडील मालवणचे, माडांखाली वाढलेले. खाली एक माड लागला तर निदान त्याला पाणी घालायला तरी उतरतील, एवढाच माझा स्वार्थ.

समिती म्हणजे सेक्रेटरी आणि त्यांच्या होला हो करणारे बाकीचे. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये टॉवरसमोर उंच पाम होते, पामखाली हिरवंगार गवत आणि गवतावर योगा करणारी एक गोरी बाई. सेक्रेटरींना ते चित्र जसंच्या तसं हवं होतं. बाई सोडून, असं ते आपणहून सांगायचे. मी नारळ सुचवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी कंपाउंडात म्हैस बांधायची परवानगी मागत होते.

"मॅडम, नारळ गाडीवर पडला की काचेची वाट लागणार. आणि थोडा क्लास नको का आपल्याला?"

क्लास आणायला आम्ही सगळे गोरेगावच्या एका नर्सरीत गेलो. तिथे सेक्रेटरी प्रत्येक झाडापाशी थांबून एकच चौकशी करत होते, "याला काही लागत तर नाही ना?" ज्याला खाण्याजोगं काही लागत नाही आणि ज्याची सावली कुणाच्या कामाची नाही, असा रॉयल पाम, तोही आयता उंच वाढलेला, सर्वानुमते पसंत पडला. खाली लावायला मी दूर्वा सुचवल्या, ब्राह्मी सुचवली. ती गचाळ दिसते म्हणे. मेक्सिकन लॉन आलं आणि त्याच्यासोबतच पाटी आली: गवतावर चालू नये. जिथे वडिलांना चालवायचं होतं तिथेच चालायला बंदी! खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. मग राग आला, तो अजून गेलेला नाही.

वडिलांनी वरून पाहणी केली.

"हेका नारळ लागतत?"

"नाही, बाबा."

"सुपारी?"

"नाही. शोभेचा आहे तो."

"म्हणजे तुमच्या सेक्रेटरीसारखो," म्हणाले आणि आत गेले.

मग एका सकाळी धाडकन आवाज झाला. पामची एक झावळी सुटून खाली आली होती, थेट सेक्रेटरींच्या गाडीवर. काच गेली. मी बाल्कनीत तोंडाला पदर लावून हसत होते, तर वडील कठडा धरून उठून उभे राहिलेले.

"चेडवा, ती विरी कोणाक टाकूक देव नको. माका खाली व्हर."

विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा बुडाकडचा रुंद, चामड्यासारखा भाग. कोकणात एका पोराने त्यावर बसायचं आणि दुसऱ्याने शेंडा धरून ओढायचं. वडिलांच्या बालपणी तेवढंच एक वाहन होतं. या पामचीही विरी तशीच, फक्त मोठी. मी त्यांना लिफ्टने खाली नेलं. त्यांनी ती हाताने चाचपली, लॉनवर पसरायला लावली आणि माझा खांदा धरून तिच्यावर बसले. "ओढ," म्हणाले. मी ओढलं. दवाने गवत ओलं होतं, माझे वडील सुळकन सरकले आणि मोठ्याने हसले. ते हसणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

वॉचमनने शिट्टी मारली. फुटक्या काचेपाशी उभे असलेले सेक्रेटरी ओरडले, "मॅडम, पाटी दिसत नाही का?"

"हंय चलता कोण?" वडिलांनी बसल्याजागून विचारलं.

आता ते रोज काठी टेकत खाली उतरतात, पामांभोवती फेऱ्या मारतात, मान वर करून कुठली झावळी पिकली ते बघतात. सेक्रेटरीही बघतात, गाडी कुठे लावायची ते ठरवायला.

परवाच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी सगळे पाम काढून टाकायचा ठराव मांडला. बाकीच्यांनी सवयीने हात वर केले. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा वडील खुर्चीतून उठले आणि स्वतःच चपला शोधायला लागले.

"खंय रवता तो तुझो सेक्रेटरी?"