मामांच्या कानातला प्लग

जयंतीच्या कार्यक्रमात, गाणं सुरू व्हायच्या तोंडावर, मी मामांच्या कानातला प्लग उपटून खिशात टाकला. मला कोणी सांगितलं नव्हतं. वर आपण मोठं शहाणपणाचं काम केलं असंच वाटत होतं.

मामा शिरूरला आमच्या वस्तीत राहायचे आणि कारेगावजवळच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा साच्यात दाबणाऱ्या मशीनवर होते. तिथल्या दणदणाटासाठी कंपनी दोरीत जोडलेले दोन नारिंगी प्लग देते. मामा ते स्टेजवरही आणायचे. एक डाव्या कानात, दुसरा गळ्यापाशी लोंबत. माईक हातात आला की म्हणायचे, "थांब, आधी मला मी ऐकू येऊ दे." मग डोळे मिटून हुंकार भरायचे. सूर सापडला की मान हलवायचे. साउंड सिस्टिम माझी असायची, त्यामुळे ताटकळायचोही मीच.

गाणं ते कारखान्यातच पक्कं करायचे. "मशीन चालू आसलं की सायबाला ऐकू जात न्हाई, आन् प्लग घातला की मला माझंच ऐकू येतं," असं सांगून एकदा मला म्हणाले, "कान दाब आन् म्हन 'आ'." तुम्हीही करून बघा, आवाज डोक्याच्या आतच घुमतो. मी केलं, घुमला, आणि मी विसरून गेलो.

त्या वर्षी कमिटीतल्या पोरांना, दरवर्षी मामा गायचे ते पहिलं गीत पेनड्राइव्हवर लावायचं होतं. शेवटी ठरलं, यंदा मामा गातील; जमलं तर पुढंही तेच. इतक्या वर्षांची त्यांची जागा त्या एका गाण्यावर येऊन ठेपली होती. आणि मी नवे स्पीकर आणलेले. आता एवढ्या भारी साउंडपुढं गायकच कानात बूच घालून उभा राहिला तर लोक काय म्हणतील?

"मामा, फोटोत बरं दिसत न्हाई," म्हणालो आणि ओढला.

पहिल्याच ओळीला ते माईकमध्ये म्हणाले, "आरं, मला मी ऐकू येईना." मी ढोलकीसकट सगळंच वाढवलं. मग ते ओरडायला लागले. सूर वर वर सरकत गेला, पेटीवाला खालीच राहिला. कडवं अर्धं टाकून मामांनी माईक स्टँडला लावला. उतरताना मला म्हणाले, "आसू दे. तुझा साउंड चांगला हाय."

पुढच्या वर्षापासून पेनड्राइव्ह. मामा मामींच्या शेजारी पहिल्या रांगेत बसायचे. मी माफीचा विषय काढला की ते प्रेसच्या नव्या डायचा काढायचे. गेल्या हिवाळ्यात मामा गेले.

यंदा ऐनवेळी पेनड्राइव्ह चालेना. प्लग माझ्या वायरींच्या पेटीतच पडून होता. तो डाव्या कानात घातला, डोळे मिटले, हुंकार भरला आणि मामांचं गीत मीच म्हटलं. माझ्या डोक्यात तरी ते अगदी सुरात होतं. टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना गहिवरून आलं असावं, अशी मी समजूत करून घेतली.

मामी पहिल्या रांगेतून उठून स्टेजपाशी आल्या. तळहात पुढं केला. मी प्लग त्यावर ठेवला. त्यांनी दोरी नीट गुंडाळली, पदराच्या टोकाला बांधली.

"ह्ये आमच्या कानात घालायला पायजे व्हतं, बाबा," म्हणाल्या.