डाळ टाकायची, पाणी ठेवायचं

बियांतलं रसायन वेगळं काढायचं असेल तर पहिलं काम पाणीच करतं. बी दळायचं, गरम पाण्यात भिजवायचं, हलवत ठेवायचं आणि फडक्यातून गाळायचं. आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्याला सर एवढंच सांगत, "चोथा टाका, पाणी ठेवा. हवं ते पाण्यात उतरलेलं असतं." पुढे मी किती झाडांच्या साली, पानं, मुळं भिजवली याची गणती नाही. पण गाळणीखाली थेंब पडू लागले की मला आजही आमची चूल दिसते, आणि पाठीमागून कुणी पायाची बोटं जमिनीला घासत येतंय असं वाटतं. वळून बघितलं तर कुणी नसतं.

तो आवाज दादाचा.

आमचं गाव भंडाऱ्याकडे, एकोडीच्या पुढे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. वडील लवकर गेले. दादाने शाळा सोडून नांगर धरला म्हणून मला साकोलीला शिकता आलं. मी घरातला पहिला पदवीधर झालो, त्यात माझ्या हुशारीपेक्षा त्याच्या बैलजोडीचा वाटा मोठा आहे. प्रबंधात आभाराचं एक पान असतं. त्यात हे मावलं नाही.

सत्तरचं दशक सुरू झालं तेव्हा लागोपाठ धान गेलं. तलावाचा तळ दिसू लागला. आली ती फक्त लाखोरी. ही डाळ उभ्या धानातच फेकतात. धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर ती वाढते, तिला पावसाची पर्वा नसते. ते दिवस आम्ही दोन्ही वेळा लाखोरीवर काढले. मायचा एक नेम होता. डाळ शिजली की वरचं पाणी ती भंडाऱ्याहून आणलेल्या पितळेच्या कटोऱ्यात काढायची, त्यात मीठ-मिरची घालायची आणि दादापुढे ठेवायची. खालची डाळ माझ्या ताटात.

"मले कायले नाई?" मी रुसायचो.

"तो नांगर वढते. जीव तं पान्यातच रायते, बाबू."

"अन् मी?"

"तू पुस्तक वढते. त्याले दाल पुरते," दादा म्हणायचा, कटोरा माझ्या नाकासमोरून फिरवायचा आणि एका दमात रिकामा करायचा.

पुढच्या पावसाळ्यात बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल करताना त्याचे पाय आखडले. संध्याकाळी तो बैलाच्या पाठीवर हात टेकून घरी आला. सकाळी उठला तर टाचा जमिनीला लागेनात. पिंढऱ्या दगडासारख्या, गुडघे एकमेकांवर आदळत. मग काठी आली. तिच्या टकटकीमागे बोटं घासल्याचा तो आवाज आला, तो घरातून कधी गेलाच नाही. गावाने निदान केलं की तलावाच्या पाळीवरचं काहीतरी लागलं. मायने ते मानलं. दर अमावस्येला ती पाळीवर नारळ आणि भात ठेवून यायची. मागे वळून बघायचं नाही, असा दंडक होता. अंधार पडता पडता ती मान ताठ ठेवून परत येताना मी दारातून पाहायचो.

भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांनी मात्र विचारलं होतं, "लाखोरी खाता का?" घरी आल्यावर ते ऐकून शेजारी हसले होते. "सारं गाव खाते. मंग एकटाच कसा लंगडला?"

भंडाऱ्यात पदवी आणि नागपुरात पुढचं शिक्षण घेईपर्यंत तो प्रश्न माझ्यासोबत राहिला. संशोधनाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी लाखोरी मागितली. तिच्यातलं विष कोणतं, हे माझ्याआधीच दुसऱ्यांनी शोधलं होतं. मला आमच्या भागातलं बियाणं तपासायचं होतं आणि तापवल्यावर त्या रेणूचं काय होतं ते बघायचं होतं.

एके दुपारी मी घरच्यासारखीच डाळ शिजवली. शिजलेल्या डाळीचा अर्क एकीकडे, वरच्या पाण्याचा दुसरीकडे, असे दोन थेंब कागदावर चढवले. कागदावर रसायन फवारून तो भट्टीत धरला की विषाच्या जागी जांभळा डाग उठतो. डाळीचा डाग फिका आला. पाण्याचा असा आला की जणू कुणी शाई सांडली.

सर खूश झाले. "बघा, बरंचसं पाण्यात उतरतं! लोकांनी पाणी फेकलं की काम झालं. किती सोपं!"

एकाच चुलीवरचं दादाने आणि मी खाल्लं होतं. एकाला पाणी मिळालं होतं.

गप्प राहणं शक्य नव्हतं, कारण माय दादाला ते पाणी अजून देत होती. पाय अधू झाल्यापासून थोडं जास्तच. पण सांगायचं म्हणजे पाळीवरचं भूत उचलून तिच्या चुलीजवळ आणून बसवायचं. एसटीत गावापर्यंत मी शब्द जुळवत होतो.

दादाला पाळीवर गाठून आधी त्याला सांगितलं. तो काठीने मातीत रेघा ओढत ऐकत राहिला.

"म्हंजे हे इथलं भूत नोहोय?"

"नाई."

"बापा! एवढे नारळ फुकट खाल्ले ना बे त्यानं!" तो हसला. मग तलावाच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "मायले नोको सांगू. तिनं मले जास्तीचं देल्लं, कमी नाई."

"पन तू अजून पेते."

"आजपासून नाई पेत. डाक्टरनं मना केलं म्हनजो. तू बिनासुईचा का होईना, डाक्टरच होऊन राहिला ना?"

जेवायला बसलो. कटोरा आला. दादाने तो बाजूला सारला. "नोको. पोट फुगते."

मायने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "तू काई बोलला?"

"माय, लाखोरी आधी गरम पान्यात भिजवजो. ते पानी फेकजो. शिजवल्यावरचंही ठेवू नोको."

"फेकू? काहून?"

"खराब रायते त्यात."

एवढंच बोललो. ती कटोरा हातात धरून उभी राहिली, त्यातली वाफ जाईपर्यंत. मग परसात जाऊन तिने तो मातीत ओतला. पुढच्या अमावस्येला ती पाळीवर गेली नाही, असं दादाने नंतर सांगितलं. लाखोरी पुन्हा आमच्या घरात शिजली नाही. तो कटोरा मात्र ती रोज चिंच लावून घासायची आणि फळीवर पालथा ठेवायची. त्यात कुणाला काही वाढलेलं मी पाहिलं नाही.

मला पीएचडी मिळाली, कॉलेजात नोकरी लागली. तो रेणू तापवला की त्याचा एक तुकडा शेजारच्या नत्रावर सरकतो. एका जागी असला तर माणसाचे पाय धरतो, दुसऱ्या जागी फारसं काही करत नाही. अणू तेच, वजन तेच. यावर मी लेख लिहिले, परिषदांत बोललो. फळ्यावर ती आकृती काढताना खडू घासला जायचा आणि मी दरवेळी क्षणभर थांबायचो. विद्यार्थ्यांना वाटे, सर विसरले.

ऐंशीच्या दशकातली एक सुट्टी. ओसरीवर मी तीच आकृती कागदावर काढत होतो. माय शेजारी तांदूळ निवडत होती.

"हे काय होय?"

"तेच. लाखोरीतलं."

तिने कागद जवळ ओढला. पाच-दहा रेघा, दोन-चार अक्षरं. "एवढुसंच?"

"एवढंच."

ती रेघांवर बोट ठेवून बसली. मग खाली बघतच म्हणाली, "उलटं केलं असतं तं? पानी तुले, अन् दाल त्याले?"

इतक्या वर्षांत तिने काहीच विचारलं नव्हतं. विचारलं ते हे.

"कोनालेच द्याचं नोहोतं, माय."

"ते आता मालूम हाये. तवा फेकवत नव्हतं. दोघांतून एकाले तं देल्लंच असतं मी." तिने मान वर केली. "सांग ना, बाबू. उलटं केलं असतं तं?"

मला उत्तर येत होतं. कागदावरच होतं ते. तेवढ्यात अंगणात काठी वाजली आणि तिच्यामागे बोटं घासत आली. मायने कागद पालथा घातला आणि त्यावर सूप ठेवलं.

"काय लपवून राहिले गा मायलेकं?" दादा खांबाला टेकून धापा टाकत म्हणाला.

"काई नाई," माय उठली. "बस. जेवाले वाढतो."